ढोरांचं दळण

जालन्यात मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं थोडी. मस्तगडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथं कोणी माझं घर विचारलं तर टपरीवाला आधी विचारतो, "कोणते? एड्सवाले सर का?" आणि मग बोट करून घर दाखवतो. सुरुवातीला मला याचा राग यायचा. बायकोला माझ्याहून जास्त. ती म्हणायची, "टीबीचं काम करणाऱ्याला कोणी टीबीवाले म्हणत न्हाई. तुम्हीच काय पाप केलं?"

मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हणालो, "आरोग्य खात्यात आहे." खोटं नव्हतं. पण पोह्याच्या ताटल्या घेऊन आलेली माझी मुलगी तिथंच थांबली आणि म्हणाली, "बाबा एचआयव्हीचे समुपदेशक आहेत. गावोगाव जाऊन लोकांना प्रशिक्षण देतात." पाहुण्यांनी ताटलीसाठी पुढं केलेले हात तसेच राहिले. ते स्थळ गेलं. पुढं दुसरीकडे जमलं, तिथंही तिनं पहिल्याच भेटीत हेच सांगितलं. लोकांना लाजू नका म्हणून सांगत फिरणारा मी स्वतः किती लाजतो, हे मला माझ्या दिवाणखान्यात कळलं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी पूर्ण सांगतो, आणि मोठ्यानं सांगतो. ज्याला सरकून बसायचं त्यानं सरकून बसावं.

माझ्या प्रशिक्षणाच्या पिशवीत चित्रांचे तक्ते, निरोधची पाकिटं आणि एक लाकडी लिंग असतं. निरोध कसा वापरायचा हे हवेत हात फिरवून दाखवता येत नाही, म्हणून ते लागतं. एकदा अंबडच्या एसटीत वळणावर पिशवी कलंडली आणि ते घरंगळत पुढच्या बाकाखाली गेलं. एका म्हातारीनं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि अख्ख्या गाडीला विचारलं, "हा बत्ता कोणाचा पडला व?" मी हात वर केला. "खल कुठंय मंग?" तिनं विचारलं. म्हटलं, "आजी, खल घरी राहिला." कंडक्टर मला ओळखत होता. तो पुढचे दोन थांबे खिडकीबाहेर तोंड करून हसत होता.

आता कामाबद्दल. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा नव्हे, हे आधी सांगतो. रक्त लॅबवाला घेतो, तपासतो लॅबवाला, औषध डॉक्टर देतात. माझं काम बोलण्याचं आणि त्याहून जास्त गप्प बसण्याचं. तपासणीआधी माणसाला सांगायचं की ही तपासणी कशाची आहे, आणि त्याची इच्छा विचारायची. निकाल आला की दार लावून समोर बसायचं आणि सरळ वाक्यात सांगायचं. "घाबरू नका" हे शब्द आधी उच्चारायचे नाहीत. ते ऐकले की माणूस त्याच क्षणी घाबरतो. सांगून झालं की आपण बोलायचं नाही. समोरचा रडो, भिंतीकडे बघो, "गाडी किती वाजताची हाय" असं विचारो. तो बोलेपर्यंत थांबायचं. मग सांगायचं की गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, जन्मभर घ्यायच्या, आणि नीट घेतल्या तर इतरांसारखं जगता येतं, काम करता येतं. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबला आणि तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. हे शेवटचं वाक्य मी रोज म्हणतो आणि रोज समोरच्याचा विश्वास बसत नाही.

आणि एक नियम, ज्यावर सगळं उभं आहे. निकाल ज्याचा त्याचा. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या मालकांनी मला कामगारांसाठी बोलावलं होतं. तापलेल्या लोखंडाजवळ उभं राहून घसा फोडून बोललो. नंतर मालकांनी केबिनमध्ये चहा पाजला आणि म्हणाले, "सर, सगळ्यांचीच टेस्ट करून टाका आणि रिपोर्ट इकडे द्या. कोणाला ठेवायचं ते आम्ही पाहू." मी म्हणालो, "शेठ, तपासणी ज्याची इच्छा त्याची. रिपोर्ट त्याच्या हातात. तुमच्या हातात हा चहाचा कप." पुन्हा मला तिथं बोलावणं आलं नाही. आज त्यासाठी कायदा आहे. तेव्हा माझ्याकडे फक्त हट्ट होता. तो मला पुरला.

पण हाच नियम एकदा माझ्या गळ्याशी आला. तेच सांगण्यासाठी हे लिहितो आहे. ज्या बाईची ही हकीकत आहे तिनं संपूर्ण वाचली आहे. तिचं म्हणणं होतं की खरं नाव लिहा, गाव लिहा, मी कोणाला भीत नाही. आज ती चारचौघांत स्वतःहून सांगते. नावं मीच बदलली, कारण कागदावर नाव गेलं की ते परत घेता येत नाही.

आम्हाला प्रशिक्षणात एक खेळ शिकवलेला होता. सगळ्यांनी गोल करून डोळे मिटायचे. प्रशिक्षकानं मागून फिरत एकाच्या पाठीला हळूच बोट लावायचं. डोळे उघडले की सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवायचे. ज्याच्या पाठीला बोट लागलं त्यानं हात मिळवताना समोरच्याचा तळहात खाजवायचा, आणि ज्याचा तळहात खाजवला गेला त्यानं पुढच्यांचा खाजवायचा. थोड्या वेळानं विचारायचं, कोणाकोणाचा हात खाजवला गेला? जवळजवळ सगळेच हात वर. मग समजावायचं की हात मिळवणं म्हणजे इथं शरीरसंबंध समजा. ज्याला आहे त्याच्या तोंडावर काही दिसत नाही. शेवटी विचारायचं, सुरुवात कोणापासून झाली? तो माणूस हात वर करतो, सगळे हसतात, टाळ्या होतात. फोटो फार छान येतात. अहवालात असेच फोटो लागतात.

अंबडच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात मी बचत गटाच्या बायकांसोबत हा खेळ घेतला. गोल करून उभ्या राहिलेल्या बायकांत मंदा नावाची एक होती. गावातली पिठाची गिरणी तिची आणि तिच्या नवऱ्याची. नवरा, रामकिसन, हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस वाहायला ट्रॅक्टर घेऊन जायचा, तेव्हा गिरणी मंदाच बघायची. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय असल्यानं तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "सर, डोळे मिटायचे म्हणता, आन् तुम्ही काय करणार मंग?" असं तिनं विचारलं आणि व्हरांडा हसला. धीट बाई दिसली. खेळाला धीट माणूस लागतो, भित्रा असला तर तो कोणाचा हातच खाजवत नाही. मी मागून जाऊन मंदाच्या पाठीला बोट लावलं.

खेळ रंगला. शेवटी मी विचारलं, "सुरुवात कोणापासून?" मंदानं हात वर केला. "माझ्यापासून!" बायका हसून हसून खाली बसल्या. हात मिळवल्यानं एचआयव्ही होत नाही, हेही मी शेवटी सांगितलं. सांगितलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण तेव्हा अर्ध्या बायका चपला शोधत होत्या.

त्यानंतर काही महिन्यांनी रामकिसन माझ्यासमोर आला, खोकून खोकून वाळलेला. टीबीच्या तपासणीबरोबर आमची एचआयव्हीची तपासणीही होते. दोन्ही निघाले, आणि फार उशिरा निघाले. मग मंदाची तपासणी झाली. तिलाही होतं. त्यांची मुलगी तपासली, तिला नव्हतं. मंदाला निकाल सांगून मी नियमाप्रमाणे गप्प बसलो.

"सर, तुम्हाला तवाच माहीत होतं का?"

"नाही ताई. मला काहीच माहीत नव्हतं."

"मंग मलाच कामून शिवले?"

"तुम्ही धीट दिसलात म्हणून."

"हं," ती म्हणाली. "तुमची झाली का तपासणी?"

इतकी वर्षं लोकांना तपासणी करा म्हणून सांगत होतो. कोणी मला हे विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

"भेव वाटतं काय?"

"वाटतं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच वाटून राह्यलं."

दुसऱ्याच दिवशी मी लॅबवाल्यापुढं हात केला. रोज सोबत डबा खाणारे आम्ही. त्यानं सुई टोचताना मान वर केली नाही आणि निकाल येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर, जिथं माझे लोक बसतात तिथं, बसून राहिलो. मला काही नव्हतं. पण त्या बाकावर बसून आतलं बंद दार कसं दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

रामकिसन गेला. गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण उशीर झाला होता. दिवसकार्य झाल्यावर मंदानं गिरणी उघडली, आणि दळण आलं नाही.

गिरणीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून धान्य ओततात, दोन दगडांमधून पीठ होऊन खाली पडतं. दगड आवळले की बारीक, ढिले केले की जाड. ते बरोबर जमलं का, हे गिरणीवाला खाली पडणाऱ्या पिठाची चिमूट घेऊन, दोन बोटांत चोळून पाहतो. दर दळणाला पाहतो. त्याचा हात प्रत्येक घरच्या पिठाला लागतो. मंदाचा हातही लागायचा.

रामकिसन कशानं गेला हे गावानं ताडलं होतं, आणि गावाला आता तिचा हात आठवला. मला हे कळलं ते गोळ्या न्यायला आलेल्या मंदाकडूनच. गावात बायका म्हणत होत्या, "सरांनी शाळेत दाखवलंच होतं ना. हिच्या हातापासून सुरू झालं, आन् सगळ्यांच्या हाताला लागलं." कोणी म्हणे, सरांना आधीच ठाऊक होतं, उघड सांगता येत नाही म्हणून त्यांनी खेळ करून दाखवलं. माझं सगळं भाषण विसरलं गेलं होतं. खेळ मात्र गावानं एकही गोष्ट न चुकता लक्षात ठेवला होता.

"माझा दीर मला म्हणून राह्यला, गिरणी बंद पडली तर मी चालवतो," मंदा म्हणाली. दीर म्हणजे भानुदास, रामकिसनचा धाकटा भाऊ. गिरणीची खोली दोघांच्या सामाईक जागेत होती. "लोक माझ्या हातचं घेत न्हाईत, त्याच्या हातचं घेतील. मला म्हणतो, वहिनी, तुम्ही घरात बसा, दोन टाइमचं मी पाहीन. मला न्हाई बसायचं सर घरात. ते गेल्यापासून मी त्या मोटारीच्या आवाजावर उभी हाय. ती बंद पडली की मी पडले."

मी म्हणालो, मी येतो गावात. बोलतो लोकांशी.

ग्रामपंचायतीच्या खोलीत लोक जमले. मी तक्ते लावले. पिठातून होत नाही, हातातून होत नाही, घामातून नाही, भाकरीतून तर नाहीच नाही. लोक बरोबर माना डोलवत होते. मग भानुदास उठला. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणतो. भित्रा होता, आणि भीतीत त्याचा फायदाही होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस फार गोड बोलतो.

"सर, तुमचं समदं पटलं. फक्त एक सांगा. माझ्या वहिनीला हाय का न्हाई? न्हाई म्हणा, उद्या मी स्वतः दळण घेऊन जातो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. दाराशी मंदा उभी होती. तिनं मला हो किंवा नाही, कशाचीच परवानगी दिलेली नव्हती. "नाही" म्हणालो असतो तर खोटं, आणि पुढच्या ज्या गावात ज्या माणसाबद्दल मी "नाही" म्हणणार नाही, त्याला ते आहे असं ठरलं असतं. मी जे शिकलो होतो तेच म्हणालो, "कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे मी कोणाबद्दलच सांगत नाही. तुम्ही माझ्याकडे आलात तर तुमचंही सांगणार नाही."

"म्हंजे हायच," मागून कोणीतरी म्हणालं.

बैठक तिथंच संपली. मी नियम पाळला आणि तिची गिरणी बुडवली. एकदा खेळानं, एकदा नियमानं. नियमाबद्दल मला पश्चात्ताप नाही, आज विचारलं तरी तेच उत्तर देईन. खेळाबद्दल आहे. तो मी पुन्हा कधी घेतला नाही. आमच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "बाकी सगळ्या जिल्ह्यांत घेतात, तुम्हालाच काय अडचण?" म्हटलं, बाकीच्या जिल्ह्यांत कोणाची गिरणी बंद पडली, ते कोणी परत जाऊन पाहिलं का? मी पाहिलं आहे. त्या वर्षी माझ्या कामाच्या शेऱ्यात "सहकार्य कमी" असं लिहून आलं. राहू द्या म्हटलं.

बैठकीनंतरच्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. घरची ज्वारी पोत्यात भरली आणि एसटीनं त्या गावात दळायला घेऊन गेलो. मस्तगडला घरामागं गिरणी असताना. मला वाटलं, एड्सवाले सरच दळून नेतात हे गाव बघेल. मंदानं पोतं पाहिलं आणि मोटार बंद केली.

"हे काय आणलं?"

"दळण."

"जालन्यातल्या गिरण्या बुडाल्या काय?"

मी पोतं खाली ठेवलं.

"सर, राग येऊ देऊ नका. तुम्हाला मनात लागलंय, म्हणून तुम्ही मला एक पोतं आणलं. दर आठवड्याला आणाल. मंग मी तुमची वाट पाहत बसू काय? तुमचं मन हलकं करायला मी गिरणी न्हाई ठेवलेली."

ज्वारी दळून दिली तिनं. पण पुन्हा आणायची नाही असं बजावलं. परतताना पोतं मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो होतो आणि मला स्वतःचा फार राग आला होता, कारण ती म्हणत होती ते खरं होतं.

गावाला धक्का दिला तो माझ्या तक्त्यांनी नाही, गयाबाईच्या म्हशींनी. गयाबाई मंदाच्या शेजारची, तोंडानं तिखट, दोन म्हशी बाळगून होती. म्हशींना मक्याचा भरडा, म्हणजे जाड दळलेला मका, लागायचा. गिरणी बंद पडल्यासारखी झाल्यापासून ती शेजारच्या गावात पायपीट करत होती. एक दिवस तिनं मक्याचं टोपलं आणून मंदाच्या उंबऱ्यावर आदळलं.

"भरडून दे बाई. म्हशीला एड्स होत न्हाई, सरांनीच सांगितलं."

मी असं काही सांगितलं नव्हतं. पण माझ्या नावावर पसरलेल्या गोष्टींपैकी ही एक तरी कामाची निघाली.

गयाबाईनं भरडा नेला हे पाहून दुसरे आले. बैलांसाठी मका, गाईसाठी बाजरी, शेळ्यांसाठी काय काय. गिरणीची मोटार रोज थोडा वेळ तरी सुरू झाली. मंदा मला गोळ्यांच्या वेळी सांगायची, "सर, माणसं येत न्हाईत, पर ढोरं येऊन राह्यली." तिचं वजन वाढत होतं. आवाज परत आला होता.

मग गंमत सुरू झाली. ढोरांचं म्हणून आणलेल्या टोपल्यात मक्याऐवजी चांगली चाळून निवडलेली ज्वारी दिसू लागली. आणि आणणारी बाई हळूच म्हणायची, "ढोरांचंच हाय. जरा बारीकच दळ." एक आली, दोन आल्या. शेजारच्या गावची गिरणी लांब, तिथं रांग, लाइटीचा भरवसा नाही. भूक गावाला लाजेपेक्षा जास्त होती. पण लाज सोडायचीही नव्हती. सगळ्या गावाची ढोरं अचानक भाकरी खाऊ लागली.

मी खूश झालो. म्हणालो, "मंदाताई, जिंकलात तुम्ही."

"कशाचं जिंकले?" ती म्हणाली. "माझ्या हातचं खातेत, आन् मला ढोरांचं म्हणून सांगतेत. उद्या कोणाला पोटशूळ उठला तर म्हणतील, आम्ही कुठं तिच्याकडं दळलं? अशानं गिरणी चालंल, मी न्हाई चालणार."

मी तिला समजावलं की जे चाललंय ते चालू द्या, लोकांना वेळ लागतो. समुपदेशकाचं हे आवडतं वाक्य आहे. लोकांना वेळ लागतो. ज्याचं आयुष्य त्यात जातं त्याला आपण हे किती सहज सांगतो.

पुढच्या वेळी त्या गावात गेलो ते दुसऱ्याच कामासाठी. गावातल्या आशा कार्यकर्तीबरोबर गरोदर बायकांच्या तपासणीचं बोलायचं होतं. ते उरकून गिरणीकडे वळलो. शेजारच्या गावची विजेची डीपी जळाली होती, तिथली गिरणी बंद, त्यामुळे मंदाकडे गर्दी होती. बायका टोपली, डबे घेऊन ओळीत बसलेल्या. गयाबाई सगळ्यांत पुढं भिंतीला टेकून होती. मोटार धडधडत होती, मंदाचे केस पिठानं पांढरे झाले होते. मी बाहेर कडुलिंबाखाली थांबलो.

एवढ्यात मोटारसायकलवर मागं डबा बांधून भानुदास आला. त्याच्या मुलीला पाहायला दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, हे बायकांच्या बोलण्यातून मला कळलं. त्यानं डबा सोडला, ओळीकडे न बघता आत गेला आणि मंदाच्या पुढं ठेवला.

"वहिनी, जल्दी हाय. ढोरांचं हाय."

मंदानं झाकण उघडलं. पांढरीशुभ्र ज्वारी होती. तिनं मूठभर हातात घेतली, परत डब्यात सोडली.

"बरं. जाड दळते."

"जाड नको. बारीक."

"भाऊजी, तुमच्याकडं एकच गाय हाय. तिचे दात पडले काय?"

ओळीत कोणीतरी फसकन हसलं. गयाबाई म्हणाली, "म्हातारी झाली आसंल. तिला पाव्हणे पाहायला येऊन राह्यले उद्या." आता सगळीच ओळ हसली. भानुदासचं तोंड लाल झालं.

"वहिनी, चारचौघांत तमाशा कामून? दळून टाका ना."

"दळते की," मंदा म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण गिरणीवर काम केलेल्या माणसाचा आवाज होता, सगळ्यांना ऐकू जाणारा. "आजपासून गिरणीचा एकच कायदा हाय. ढोरांचं आसंल तर जाड दळीन. बारीक पाहिजे आसंल तर माणसांचं हाय म्हणायचं. आपल्या तोंडानं म्हणायचं. न्हाई म्हणवत, तर डबा उचलायचा."

हसणं थांबलं. ओळीत बसलेल्या बायका आपापल्या टोपल्यांकडे बघू लागल्या, कारण कायदा सगळ्यांनाच लागू होता. मी लिंबाखालून दोन पावलं पुढं आलो, काहीतरी बोलावं, सावरून घ्यावं म्हणून. मंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जिथं होतो तिथं थांबलो. गप्प बसणं हे माझं काम आहे, आणि त्या दिवशी ते मला आयुष्यात सगळ्यात जड गेलं. भानुदासनं डबा उचलला असता तर ओळीतली निम्मी माणसं उठली असती. गिरणी त्या दुपारीच त्याची झाली असती. मंदाला ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

भानुदासनं डब्याच्या कडीला हात घातला. डबा जमिनीवरून थोडा वर आला. मग त्यानं बाहेर रस्त्याकडे पाहिलं, जिथली गिरणी बंद होती त्या शेजारच्या गावाकडे, आणि डबा खाली ठेवला.

"माणसांचं हाय," तो पुटपुटला.

"काय?"

"माणसांचं हाय म्हणलं ना."

"मोटार चालू हाय भाऊजी," मंदा म्हणाली. "ऐकू येत न्हाई. मोठ्यानं."

"माणसांचं हाय!" तो ओरडला. "आमच्या घरचं हाय! खायाला हाय!"

मंदानं डबा उचलून धान्य वर ओतलं. दगड आवळले. पीठ खाली पडू लागलं तशी तिनं हात पुढं केला, चिमूट घेतली, त्याच्या डोळ्यांसमोर दोन बोटांत चोळली, आणि दगड अजून थोडे आवळले. भानुदास बघत उभा राहिला.

त्याच्यामागं गयाबाई तिचं टोपलं पुढं सरकवत म्हणाली, "माझं मात्र खरंच म्हशीचं हाय बाई. जाडच दळ."

आणि तिच्या मागची बाई उठली. घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माझं माणसांचं."